लूत लागलेले कुत्रे हाकलू नका, बरे करा

एखाद्याला कोणी दारात उभे केले नाही, की 'लूत लागलेल्या कुत्र्यासारखे हाकलले' असे आपण सहज बोलून जातो. दारादारातून हाकलले जाणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. म्हणून ज्या कुत्र्यावरून ही म्हण पडली, त्याचा विचार आज आम्ही करणार आहोत. कारण लूत हा बरा होणारा रोग आहे.

माण-खटावच्या माळावर आणि जत-आटपाडीकडे मेंढरांमागे कुत्रे असते. कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात तोडकऱ्यांच्या खोपीपुढे कुत्रे असते. कराड, मिरज, सांगलीच्या वस्त्यांत तर एकच कुत्रे चार घरची भाकरी खाते आणि चार घरची राखण करते. त्याचे केस झडू लागले, कातडीतून रक्त येऊ लागले, की माणसे बदलतात. कोणी जळके ऑईल ओततो, कोणी रॉकेल चोळतो, तर कोणी पोत्यात घालून लांब सोडून येतो. घरातली पोरे मात्र दोन दिवस जेवत नाहीत.

लूत कशाने होते?

उष्णतेने नाही, रक्त बिघडल्याने नाही, की कोणाच्या नजरेनेही नाही. गोचिडाच्या जातकुळीतला, पण नुसत्या डोळ्यांना धड न दिसणारा आठ पायांचा किडा कातडीत शिरतो, त्याने लूत होते. माणसाची खरूजही अशाच किड्याने होते, हे इटलीतील बोनोमो आणि चेस्तोनी यांनी १६८७ मध्ये भिंगाखाली पाहून लिहून ठेवले. तोवर मोठमोठे वैद्यही शरीरातल्या दोषाला बोल लावीत होते. रोगाला कारण असते आणि ते कारण काढले की रोग जातो, एवढे ध्यानात धरले तरी अर्धे काम झाले.

ओळखायची कशी?

कुत्र्यात मुख्यतः दोन प्रकार आढळतात. पहिला सारकॉप्टिस किड्याचा. यात खाज भयंकर असते. कुत्रे रात्रभर खाजवते, झोपत नाही, वाळत जाते. कानाच्या कडा, कोपरे, मागच्या पायांचे सांधे आणि पोट येथे केस जाऊन खपल्या धरतात. कानाची कड दोन बोटांत धरून हलकेच चोळली, की पुष्कळदा कुत्रे मागचा पाय आपोआप हलवू लागते. ही लूत एका कुत्र्याची दुसऱ्याला झपाट्याने लागते.

दुसरा प्रकार डेमोडेक्सचा. हा किडा पिल्लाला जन्मानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत आईच्या अंगावरून मिळतो आणि थोड्या संख्येने निरोगी कुत्र्यातही असतो. पिल्लू अशक्त असले किंवा पोटात जंत असले, की तो माजतो. डोळ्यांभोवती, तोंडापाशी, पुढच्या पायांवर केस गेलेले चट्टे दिसतात. सुरुवातीला खाज फारशी नसते. एखाददुसरा चट्टा बहुधा आपोआप भरून येतो. सगळ्या अंगावर पसरला तर मात्र उपचार काही महिने चालतात. ही लूत माणसाला लागत नाही.

मांजराची लूत कानांच्या कडांपासून सुरू होऊन तोंडावर व मानेवर उतरते. कातडी जाड, सुरकुतलेली होते, वर करड्या-पिवळ्या खपल्या येतात. मांजर नुसतेच डोके झटकत असेल आणि कानात कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ असेल, तर तो कानातला वेगळा किडा समजावा.

पोराबाळांना लागते का?

कुत्र्याच्या सारकॉप्टिसने माणसाच्या हातांवर, पोटावर लाल पुरळ उठू शकते. एका खोलीत, एका वाकळेवर सगळे झोपत असतील तर लवकर उठते. पण कुत्र्याचा हा किडा माणसाच्या अंगावर आपली वीण वाढवू शकत नाही. कुत्र्यावर उपचार झाले की पुरळ साधारण दोन-तीन आठवड्यांत जाते. त्यापुढेही खाज राहिली, बोटांच्या बेचक्यांत फोड आले, घरातले एकामागून एक खाजवू लागले, तर ती माणसांचीच खरूज असण्याचा संभव फार. तेव्हा कुत्र्याला दोष न देता सगळ्या घराने प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे.

हे करू नका

जळके ऑईल आणि रॉकेल कातडी भाजतात. चाटल्याने ते पोटात जाते आणि कुत्रे मरू शकते. जनावरांच्या गोचिडाचे औषध, विशेषतः सायपरमेथ्रिन व पर्मेथ्रिन, मांजराला विष आहे. माणसाच्या खरजेचे बेन्झिल बेन्झोएटही मांजराला लावू नये. मेंढरांना टोचून उरलेले आयव्हरमेक्टिन अंदाजाने कुत्र्याला देऊ नये. औषध तेच चालते, पण मात्रा वजनावर ठरते, आणि कोली जातीच्या कुत्र्यांना ते जिवावर बेतते. नुसती खाज थांबवणारे स्टेरॉइड मागू नका. त्याने डेमोडेक्स उलट वाढतो.

उपचार

तालुक्याच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात कुत्रे घेऊन जा. नेताना तोंड फडक्याने बांधा, खाजेने कावलेले जनावर चावू शकते. डॉक्टर कातडी थोडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. बरे न होणारे जनावर तेथे दाखवता येते.

आज आयव्हरमेक्टिनखेरीज मानेवर टाकायचे सेलामेक्टिनचे थेंब आहेत, फ्लुरालेनरसारख्या चघळायच्या गोळ्याही आहेत. आयव्हरमेक्टिन शोधणाऱ्या ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५ मध्ये नोबेल मिळाले. जपानच्या मातीतल्या एका जिवाणूपासून आलेले हे औषध १९८१ पासून जनावरांना दिले जाते. त्याने अंडी मरत नाहीत. अंड्यातून निघालेला किडा सुमारे तीन आठवड्यांत पुन्हा अंडी घालण्याजोगा होतो. म्हणून खाज थांबली तरी डॉक्टरांनी सांगितलेली पुढची खेप चुकवू नका. बहुतेक घरी लूत परत येते ती इथेच.

घरातल्या आणि शेजारच्या सगळ्या कुत्र्यांवर एकाच वेळी उपचार व्हावेत. चार घरांनी वर्गणी काढली तर कोणा एकाच्या मजुरीवर भार पडत नाही. कुत्र्याखालचे गोणपाट जाळा, फडकी उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. त्याच खेपेला जंताचे औषध आणि रेबीजची लस द्यायला सांगा.

केस भरून यायला काही आठवडे लागतात. तोवर कुत्रे विद्रूपच दिसेल. त्याला पोटभर भाकरी द्या, जमल्यास अंडे द्या. पोरांनी उपचार पुरे होईपर्यंत त्याला कवटाळू नये, पण त्याची ताटली दारातच राहू द्या.