घनसावंगी तहसील कार्यालय
घनसावंगी तहसील कार्यालय हे महाराष्ट्रातील जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्याचे महसुली कार्यालय आहे. तहसीलदार हे त्याचे प्रमुख असतात.

पार्श्वभूमी

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा हा परिसर अंबड तालुक्यात होता. पुढे स्वतंत्र तालुका झाल्यावर तीर्थपुरी, कुंभार पिंपळगाव, राणी उंचेगाव आणि समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब समर्थ येथील ग्रामस्थांची तहसीलची कामे घनसावंगीत होऊ लागली.

कामकाज

शेतजमिनीच्या खरेदीची किंवा वारसाची फेरफार नोंद तलाठी घेतो व मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. या निर्णयाविरुद्ध महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ अन्वये उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येते. उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतात. जातीचा दाखला मात्र उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अधिकारात येतो. घनसावंगीसाठीचे उपविभागीय कार्यालय अंबड येथे आहे. अर्ज आपले सरकार सेवा केंद्रातून करता येत असला, तरी मंजुरी तेथूनच मिळते. त्यामुळे तालुका वेगळा होऊनही प्रवेशासाठी दाखला हवा असलेला विद्यार्थी आणि जमिनीच्या वादातील शेतकरी यांचा अंबडशी असलेला प्रशासकीय संबंध कायम राहिला आहे.