कृषी व जैवप्रणाली अभियांत्रिकीचे शिक्षण

कृषी अभियांत्रिकी ही माती, पाणी, पीक, पशू व शेतमाल यांच्याशी संबंधित प्रश्न अभियांत्रिकीच्या तत्त्वांनी सोडविणारी ज्ञानशाखा होय. पाश्चात्त्य विद्यापीठांत हीच शाखा आता बहुधा जैवप्रणाली अभियांत्रिकी या नावाने शिकविली जाते. भारतात मात्र पदवीचे नाव कृषी अभियांत्रिकी असेच राहिले आहे. वाशिम जिल्ह्यातील विद्यार्थ्यांसाठी या शिक्षणाचे सर्वांत जवळचे विद्यापीठीय केंद्र म्हणजे सुमारे ८० किलोमीटरवरील अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ.

नाव आणि व्याप्ती

अमेरिकेतील कृषी अभियंत्यांची संस्था १९०७ मध्ये स्थापन झाली. २००५ मध्ये तिने आपल्या नावात ‘कृषी’ या शब्दाबरोबर ‘जैविक’ या शब्दाचाही समावेश केला. त्याआधी २००२ मध्ये या विषयातील एका जुन्या ब्रिटिश संशोधनपत्रिकेने ‘कृषी अभियांत्रिकी संशोधन’ हे नाव सोडून ‘जैवप्रणाली अभियांत्रिकी’ हे नाव घेतले होते. हा बदल केवळ शब्दांचा नव्हता. पोलाद किंवा काँक्रीट यांचे गुणधर्म बरेचसे स्थिर असतात. बियाणे मात्र श्वसन करते, ओलावा घेते व सोडते आणि आघाताने मरते. यंत्राची रचना करताना त्यात जाणारा पदार्थ सजीव आहे याचे भान ठेवणे, हा या शाखेचा गाभा आहे.

इतिहास

भारतात या विषयाच्या पदवी शिक्षणाचा प्रारंभ १९४२ मध्ये अलाहाबाद येथील कृषी संस्थेत झाला. अमेरिकन अभियंता मेसन वॉ हे त्यामागील प्रमुख व्यक्ती होत. स्वातंत्र्यानंतर खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतही हा विषय आला. महाराष्ट्रात १९६८ मध्ये राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्यातून २० ऑक्टोबर १९६९ रोजी विदर्भासाठी अकोल्याचे विद्यापीठ वेगळे झाले. त्यास भारताचे माजी कृषिमंत्री पंजाबराव देशमुख यांचे नाव देण्यात आले. त्या वेळी वाशिम हा अकोला जिल्ह्याचाच भाग होता. स्वतंत्र वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. राहुरी व अकोल्याप्रमाणेच परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांतही कृषी अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत.

प्रवेश व अभ्यासक्रम

पदवी अभ्यासक्रम ४ वर्षांचा, म्हणजे ८ सत्रांचा असतो. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हे विषय आवश्यक असून प्रवेश राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतो. शेतीशी निगडित पदवी असल्याने जीवशास्त्र पुरेसे होईल, असा समज ग्रामीण भागात पुष्कळदा आढळतो. त्यापायी अकरावीला गणित सोडणाऱ्या विद्यार्थ्यास पुढे ही वाट बंद होते.

पहिल्या वर्षांत गणित, यामिकी, उष्मागतिकी, सर्वेक्षण असे सर्वसामान्य अभियांत्रिकीचे विषय असतात. त्यानंतर शेती अवजारे व यंत्रशक्ती, मृद व जलसंधारण, सिंचन व निचरा, कृषी प्रक्रिया आणि अपारंपरिक ऊर्जा या पाच दिशांनी अभ्यास विस्तारतो. अखेरच्या वर्षात ग्रामीण कार्यानुभव, उद्योगातील प्रशिक्षण व प्रकल्प यांना स्थान असते. पदव्युत्तर शिक्षणासाठी ‘गेट’ परीक्षेत या विषयाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते.

शेततळ्याचे गणित

वर्गातील विषय शिवारात कसा उतरतो, याचे सोपे उदाहरण शेततळे हे होय. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल अशा तळ्यात २,७०० घनमीटर पाणी मावेल, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु काळ्या जमिनीत उभ्या भिंती टिकत नाहीत, म्हणून बाजूंना १:१ उतार द्यावा लागतो. त्यामुळे तळ २४ × २४ मीटरचा उरतो आणि क्षमता २,१९६ घनमीटर, म्हणजे सुमारे २२ लाख लिटर होते. एका हेक्टरला ५ सेंटिमीटर खोलीचे एक पाणी द्यायचे तर ५०० घनमीटर लागतात. म्हणजे बाष्पीभवन व पाझर अजिबात नाही असे धरले, तरी हे तळे चार हेक्टरांस एकच संरक्षित पाणी देते. तुरीला फुलोऱ्यात मिळालेले असे एक पाणी पुष्कळ असते; मात्र त्याच तळ्याच्या भरवशावर बागायतीचा बेत आखणे चुकीचे ठरते.

सोयाबीन आणि मळणीयंत्र

वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या सहाही तालुक्यांत खरिपाचे मुख्य पीक सोयाबीन आहे. अनेक शेतकरी घरचेच बियाणे राखतात. या बियाण्याचे आवरण पातळ असते आणि भावी मूळ त्या आवरणाच्या लगत असते. त्यामुळे बाहेरून धडधाकट दिसणारा दाणाही आतून निकामी झालेला असू शकतो.

बियाण्यासाठीच्या सोयाबीनची मळणी दाण्यात १३ ते १५ टक्के ओलावा असताना आणि ड्रमचे फेरे मिनिटाला ३५० ते ४०० ठेवून करावी, अशी शिफारस आहे. याहून कोरडा दाणा तडकतो, तर अधिक ओला दाणा चेचला जातो. फेरे ४०० वरून ७०० वर नेले तर आघाताची ऊर्जा पावणेदोन पट न होता जवळपास तिप्पट होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उपाय खर्चिक नाही: ड्रमच्या आसावर मोठी पुली बसविली की फेरे कमी होतात. अडचण वेगळीच आहे. मळणीयंत्र बहुधा भाड्याचे असते, त्याचा दर पोत्यावर किंवा क्विंटलवर ठरतो आणि चालकाला पुढच्या खळ्यावर जाण्याची घाई असते. हा प्रश्न यंत्रशास्त्राइतकाच व्यवहाराचा आहे, आणि पाठ्यपुस्तकांत त्याला फारशी जागा मिळत नाही.

२०१९ च्या परतीच्या पावसात राज्यातील बरेच सोयाबीन काढणीच्या वेळी भिजले. २०२० च्या खरिपात बियाणे न उगवल्याच्या तक्रारी मोठ्या संख्येने आल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांची स्वतःहून दखल घेतली. पेरणीपूर्वी ओल्या गोणपाटावर १०० दाणे मांडून उगवण मोजण्याची पद्धत त्यानंतर अधिक आग्रहाने सांगितली जाऊ लागली. ७० दाणे उगवले तर नेहमीचे बियाणे प्रमाण पुरते. त्याहून कमी उगवल्यास हेक्टरी प्रमाण वाढवावे लागते.

रुंद वरंबा सरी पद्धतीचे पेरणीयंत्रही याच पिकामुळे या भागात परिचित झाले. वरंब्यावर पिकाच्या ओळी व दोन्ही बाजूंस सऱ्या, अशी त्याची रचना असते. पावसाचा खंड पडला तर सरीत ओल टिकते आणि अतिवृष्टीत जादा पाणी त्याच सरीतून निघून जाते. वाशिमचा समावेश असलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून या यंत्राला चालना मिळाली.

प्रक्रिया उद्योग

अकोला विद्यापीठाने विकसित केलेली ‘पीकेव्ही मिनी डाळ मिल’ हे या शिक्षणाचे विदर्भातील सर्वाधिक परिचित फळ म्हणता येईल. तुरीची साल डिंकासारख्या थराने डाळीला घट्ट चिकटलेली असते. म्हणून दाणे प्रथम रोळावर खरवडून, तेल-पाण्याची प्रक्रिया करून वाळविले जातात व मग भरडले जातात. गावातच डाळ झाली की मूल्यवाढ गावात राहते आणि चुणी जनावरांच्या उपयोगी पडते. बचत गट व लहान उद्योजकांनी ही गिरणी स्वीकारली आहे.

रोजगार

पदवीधरांना ट्रॅक्टर व अवजार कंपन्या, ठिबक सिंचन उद्योग, अन्नप्रक्रिया, बँका तसेच कृषी विज्ञान केंद्रे येथे संधी असतात. वाशिम जिल्ह्याचे कृषी विज्ञान केंद्र रिसोड तालुक्यातील करडा येथे आहे. शासकीय सेवेचा प्रश्न मात्र वादाचा राहिला आहे. मध्य प्रदेशात कृषी अभियांत्रिकीचे स्वतंत्र संचालनालय आहे आणि तमिळनाडूत स्वतंत्र विभाग. महाराष्ट्रातही तशी व्यवस्था व्हावी आणि लोकसेवा आयोगाच्या कृषी सेवा परीक्षेत या विषयाला पुरेसे स्थान मिळावे, या मागण्यांसाठी २०२३ मध्ये राज्यातील कृषी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी आंदोलन केले.