एक, दोन, तीन, पुरे

पहाटेचे पाच. उत्तर स्कॉटलंडमधल्या स्पे नदीच्या काठी डिसेंबरात उजाडायला पावणेनऊ होतात. बेकरीच्या मागच्या खोलीत दिवा लागला तरी बाहेर अजून रात्रच आहे. आजी मोरीपाशी उभ्या आहेत. नळाचं बर्फगार पाणी त्या दोन्ही हातांवर सोडून घेताहेत, बोटं लाल होईपर्यंत. मग हात खसाखसा पुसून कोरडे करतात, ओट्याकडे वळतात आणि लोण्याला हात घालतात.

शॉर्टब्रेड नावाच्या बिस्किटाला थंड हात लागतो. उबदार हाताने लोणी वितळतं, पीठ तेलकट होतं आणि पुढे काही केलं तरी सावरत नाही.

पुण्याहून आलेली पाहुणी या खोलीपर्यंत पोचली ती शॉर्टब्रेडच्या एका पुड्यामुळे. पुड्याच्या मागे चारच जिन्नस लिहिले होते: मैदा, लोणी, साखर, मीठ. इतर बिस्किटांची यादी बारीक अक्षरांतही मावत नाही आणि इथे चार शब्दांत सगळं आटोपलेलं. चव मग येते कुठून, एवढंच तिला बघायचं होतं.

"एक, दोन, तीन," आजी बोटं मोजून दाखवतात. एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग मैदा. वजनाने, वाटीने नाही. आजचा घाणा एक, दोन आणि तीन किलोंचा. त्या तीनातला अर्धा किलो मैदा काढून त्याजागी तांदळाची पिठी घातली जाते, म्हणजे दाताखाली जरा रवाळ लागतं. कुणी त्यासाठी रवाही वापरतात. वर चिमूट-दोन चिमूट मीठ. हिशेब केला तर गोळ्याचा तिसरा हिस्सा निव्वळ लोणी. स्वस्तातल्या पुड्यांत लोण्याच्या जागी पामतेल असतं. त्याचं नाव निघालं तेव्हा आजींनी नुसती मान हलवली.

पुढचं काम मराठी स्वयंपाकघरात वाढलेल्या कुणालाही ओळखू येईल. लोण्याचे तुकडे मैद्यात टाकून आजी ते बोटांच्या टोकांनी चोळतात, पीठ वर उचलतात, खाली सोडतात. शंकरपाळ्यांच्या पिठाला आपण मोहन चोळतो ते हेच. फक्त आपलं मोहन बरेचदा कडकडीत असतं आणि इथलं थंडगार. थोड्या वेळाने त्या मूठ वळून बघतात. मुटका झाला आणि बोटाने टोचताच फुटला. तेवढं त्यांना हवं होतं.

नावातल्या 'शॉर्ट'चा अर्थही मोहनातच आहे. जुन्या इंग्रजीत हा शब्द ठिसूळ, खुसखुशीत अशा अर्थाने वापरत. मैद्याला पाणी लागलं आणि तो मळला की त्यात ग्लुटेनचे लांब, चिवट धागे तयार होतात. पाव ताणला जातो तो त्यांच्यामुळे. स्निग्धाने माखलेल्या कणांना पाणी नीट भेटत नाही, धागे आखूडच राहतात, आणि खाणाऱ्याच्या तोंडात सगळं विरघळतं. पण लोणी म्हणजे तूप नव्हे. लोण्याच्या वजनात सुमारे सोळा टक्के पाणी असतं; ओट्यावरच्या दोन किलोंत तीनशे ग्रॅमहून जास्त. मळत राहिलं की हेच पाणी घात करतं.

मळणारा मळत राहतोच. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला एकोणीस वर्षांचा एक पोरगा आहे, नव्यानेच कामाला लागलेला. तो मन लावून काम करतो. पीठ गोळा होत नाहीसं वाटलं की आणखी दाबतो, आणखी चोळतो. आजी हातातलं टाकून त्याच्याजवळ जातात आणि त्याच्या मनगटावर आपला गार तळवा ठेवतात. "पुरे." पोरगा दचकतो, थांबतो. आजी परत आपल्या जागी. चार मिनिटांनी पुन्हा तेच: मनगट, तळवा, पुरे. त्या सकाळी पाहुणीने हे सात वेळा पाहिलं. भट्टी, साचे, डबे हे सगळं बघून झाल्यावरही तिची नजर त्या मनगटाकडेच वळत राहिली. हे काम शिकणं म्हणजे बरंचसं हात आवरायला शिकणं आहे, आणि यंत्राला न लागणारी ही शिकवणी माणसाला अशीच, हाताने हाताला, द्यावी लागते.

एक, दोन, तीन. या तिन्ही आकड्यांना इतिहास आहे. स्कॉटलंडचं रोजचं धान्य ओट. गव्हाचा पांढरा मैदा ही ऐपत असलेल्यांची चैन. शॉर्टब्रेडचा पूर्वज म्हणजे पावाचं उरलेलं पीठ गोड करून मंद भट्टीत वाळवलेला तुकडा. पुढे त्यातलं यीस्ट गेलं आणि लोणी आलं. आणि साखर ग्लासगो-ग्रीनॉकच्या बंदरांत उतरायची ती कॅरिबियन बेटांवरून, जिथे गुलाम माणसं ऊस तोडत होती. गोडाची गोष्ट सांगताना हे गाळून चालत नाही. स्कॉटलंडच्या मेरी राणीला हे बिस्किट फार आवडायचं, ही कथा मात्र इथे प्रत्येक दुकानात ऐकायला मिळते.

इतकं महाग ते रोज कोण खाणार? म्हणून ते राखून ठेवलं जाई वर्षअखेरीसाठी. धर्मसुधारणेनंतरच्या कडक चर्चने नाताळची मजा दडपली होती. स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टी सुरू झाली ती थेट १९५८ साली. आजींच्या वडिलांनी त्याआधी कित्येक नाताळ भट्टीसमोर काढले. खरा सण ३१ डिसेंबरचा, हॉगमनेचा. मध्यरात्रीनंतर उंबरठा ओलांडणारा पहिला पाहुणा वर्षाचा शकुन ठरवतो. तो उंच, काळ्या केसांचा पुरुष असावा आणि रिकाम्या हाताने येऊ नये: कोळसा, मीठ, व्हिस्की, शॉर्टब्रेड, यातलं काहीतरी हातात असावं. 'पायगुण' हा शब्द ज्या भाषेत आहे तिला हे वेगळं समजावून सांगायला नको. शेटलंड बेटांवर तर नवी नवरी घराच्या दारात आली की नक्षीदार शॉर्टब्रेड तिच्या डोक्यावर मोडायची रीत होती.

भट्टी दीडशे अंशांवर आहे. गोळा थापून काट्याने टोचे मारले जातात, वाफेला वाट मिळावी म्हणून. काही गोळे थिसल फुलाच्या लाकडी साच्यात दाबतात, बाकीचे सपाट ट्रेमध्ये. मग पाऊण-एक तास कुणी काही करत नाही. लोण्याचा वास आधी दुधाळ येतो, मग हळूहळू भाजक्या शेंगदाण्यासारखा खमंग. याच वासाला आजी घड्याळ मानतात. रंग फिकट पिवळाच राहिला पाहिजे. कडेला तांबूस झाक दिसली की त्या हळहळतात.

हा वास पाहुणीला पुण्यातल्या बेकरीच्या रांगेत घेऊन गेला. दिवाळीच्या आधी मैदा, तूप, पिठीसाखर डब्यांत भरून घरची मंडळी बेकरीत जायची, आणि भट्टीतून निघालेल्या नानकटाईचे डबे परत घरी यायचे. तुपात पाणी नाही, त्यामुळे नानकटाई आणखी भुसभुशीत, ओठांनीसुद्धा मोडणारी. शॉर्टब्रेडमध्ये मात्र लोण्यातल्या तेवढ्याशा पाण्याचा कणा असतो. ते आधी 'टक्' असं मोडतं आणि मग विरघळतं.

स्पेच्या याच खोऱ्यात अ‍ॅबरलूर गावी वॉकर्सचा कारखाना आहे. १८९८ साली सुरू झालेल्या या घराण्याच्या बेकरीच्या लाल चौकड्यांच्या डब्यांनी शॉर्टब्रेड जगभर नेलं, आणि त्यांच्या यादीतही तेच चार जिन्नस आहेत. तिथली प्रत्येक कांडी दुसरीसारखी निघते. आजींच्या ट्रेमधल्या दोन कांड्या कधी सारख्या नसतात, आणि पाहुणीला या जरा वाकड्याच जास्त आवडल्या.

ट्रे बाहेर येतो. तो गरम असतानाच सुरी फिरवावी लागते. थंड झाल्यावर कापलं तर हव्या त्या रेषेत मोडत नाही. वरून साखर भुरभुरवली जाते. पोरग्याचा ट्रे शेवटी निघाला. आजींनी त्यातली एक कांडी कानाजवळ धरून मोडली. आवाज जरा बोजड आला, चिवटपणा उरला होता. त्यांनी अर्धी त्याला दिली, अर्धी स्वतः खाल्ली आणि ट्रे मोडक्यांच्या टोपलीकडे सरकवला. पोरग्याने खाता खाता आपल्या तळहातांकडे बघितलं.

साडेसातला दाराची घंटा वाजली. रस्त्यांवरच्या बर्फावर मीठ टाकणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर आत आला. तो रोज येतो आणि रोज मोडकेच मागतो, कारण ते निम्म्या भावात मिळतात आणि गाडी चालवताना खायला सोयीचे. पोरग्याने आपल्या ट्रेमधले तुकडे कागदी पिशवीत भरले, वजन केलं, वर आणखी एक टाकला. तुकडे अजून कोमट होते. ड्रायव्हर दारापर्यंत पोचेतो पिशवीच्या तळाशी लोण्याचा पहिला डाग उमटला होता.