हेलिकॉप्टर आपलं झालं म्हणजे नेमकं काय झालं?

मंडळी, आपल्या विमानतळावर तटरक्षक दलाचा तळ आहे. त्यामुळे डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं तरी रत्नागिरीकर मान वर करत नाही. 2021च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा मात्र सगळ्यांच्या माना वर होत्या. मी तत्त्वज्ञानाचा मास्तर, यंत्रातलं मला कळत नाही. माझा प्रश्न साधा आहे. एखाद्या छोट्या देशानं सैन्यासाठी हेलिकॉप्टर घेतलं, तर ते त्याचं कधी होतं? पैसे दिले त्या दिवशी?

'स्वत्व' म्हणजे मालकी, यावर आपल्या न्यायशास्त्रात मोठा वाद आहे. जुनं लक्षण असं, की जी वस्तू आपल्या इच्छेप्रमाणे वापरता येते ती आपली. नवद्वीपच्या रघुनाथ शिरोमणीनं ते खोडून काढलं. दुसऱ्याचं अन्नही खाता येतंच की! दुसऱ्याचं खाऊ नये असा निषेध आहे म्हणाल, तर 'दुसऱ्याचं' म्हणजे कुठलं हे आधी ठरवावं लागतं. म्हणून स्वत्व हा वेगळाच पदार्थ मानावा, असं तो म्हणतो. (पदार्थ म्हणजे खायचा नव्हे हो!) हेलिकॉप्टरच्या बाबतीत गंमत उलटी आहे. वस्तू दारात उभी आहे आणि वापर हातात नाही.

मालदीवचं बघा. लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास, बेटं बाराशेच्या घरात, आणि ती दक्षिणोत्तर आठशे किलोमीटरवर पसरलेली. 2010 पासून भारतानं त्यांना दोन 'ध्रुव' हेलिकॉप्टरं भेट दिली, पुढे एक डॉर्निअर विमानही दिलं. चालवायला आणि राखायला माणसं आपलीच. 2023 साली मुइझ्झू निवडून आले ते परकं सैन्य घालवण्याचं वचन देऊन. मे 2024 पर्यंत आपले सैनिक परतले आणि त्यांच्या जागी नागरी तंत्रज्ञ गेले. त्याच महिन्यात त्यांच्या संरक्षणमंत्र्यांनी उघड सांगितलं, की ही विमानं उडवू शकेल असा वैमानिक आमच्या दलात नाही. एवढा प्रामाणिकपणा राजकारणात क्वचित दिसतो.

आता कोणी म्हणेल, फुकट मिळालेल्याचं असंच होतं. मग पैसे मोजलेल्याचं बघू. दक्षिण अमेरिकेतल्या इक्वाडोरनं आपल्याच हिंदुस्तान एरोनॉटिक्सकडून सात ध्रुव घेतली, साडेचार कोटी डॉलरच्या आसपास. 2009 मध्ये ती पोचू लागली आणि त्याच वर्षी पहिला अपघात झाला. 2015 पर्यंत सातांतली चार पडली. दोन अपघातांत चूक माणसाची होती, पण सुटे भाग वेळेवर मिळत नाहीत ही तक्रारही होती. शेवटी त्यांनी करार मोडला आणि उरलेली तीन जमिनीवर बसवली. कारखाना बंगळुरूला, गिऱ्हाईक क्विटोला! मिरकरवाड्याचा नाखवा बोटीला इंजिन बसवण्याआधी विचारतो, सामान कुठं मिळेल, मेकॅनिक कुठं बसतो? सरकारं हे शेवटी विचारतात.

मोठ्या देशाला हे सोसतं. 5 जानेवारी 2025 रोजी पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव कोसळलं, तिघे गेले. त्यानंतर आपली सगळीच ध्रुव थांबवली. पण आपल्याकडे इतर जातीची हेलिकॉप्टरं होती, आणि दोष शोधणारा कारखानाही आपला. ज्याच्याकडे सगळी मिळून तीनच यंत्रं, त्यानं काय करावं? एकाच जातीची घेतली तर प्रशिक्षण आणि सुटे भाग स्वस्त पडतात, पण एक दोष निघाला की सगळी बसतात. तीन जातींची घेतली तर तीन प्रकारचे मेकॅनिक पोसा. आणि एक यंत्र देखभालीत असणारच, हे धरून चालायचं.

माझं मत विचाराल तर आधी पोरं शिकायला पाठवावीत. सुट्या भागांचा भाव आणि मुदत करारातच लिहून घ्यावी, यंत्राचा रंग नंतर ठरवावा. पण हे मी खुर्चीत बसून बोलतोय. दूरच्या बेटावर मध्यरात्री कुणाच्या छातीत कळ आली, तर मालेच्या इस्पितळात पोचायचं असतं. पायलट आपल्यातला तयार होईपर्यंत थांब, असं त्या माणसाच्या बायकोला कोण सांगणार? मला तरी सांगवणार नाही.