पारध, कुत्र्यांच्या साहाय्याने केलेली

वेगाने धावणाऱ्या, वासावरून माग काढणाऱ्या किंवा बिळात शिरणाऱ्या कुत्र्यांकडून वन्य प्राण्यांचा पाठलाग करवून त्यांना पकडण्याची वा मारण्याची पद्धती. या पद्धतीत शस्त्राचे स्थान दुय्यम असते. भक्ष्य गाठण्याचे मुख्य काम कुत्राच करतो. भक्ष्य डोळ्यांनी पाहून त्याच्यामागे धावणारे दृष्टिश्वान, जमिनीवरील वासाने माग काढणारे गंधश्वान आणि जमिनीखालील बिळात शिरून प्राण्याला बाहेर काढणारे टेरियर असे पारधी कुत्र्यांचे तीन मुख्य वर्ग मानतात. कोणत्या प्रदेशात कोणत्या वर्गाचा कुत्रा उपयोगी पडावा, हे तेथील भूमीचे स्वरूप व भक्ष्याच्या सवयी यांवरून ठरत आले आहे. महाराष्ट्रात दख्खनच्या उघड्या माळरानावर दृष्टिश्वान वाढले, तर सह्याद्रीच्या पश्चिमेकडील दाट रानात गावठी कुत्र्यांवर भागविण्यात आले. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ व त्यातील नंतरच्या दुरुस्त्या यांमुळे ही पारध आता बेकायदेशीर ठरली आहे.

धावणारे कुत्रे : दृष्टिश्वानाची शरीररचना वेगासाठी घडलेली असते. डोके लांब व अरुंद, छाती खोल, पोट आत ओढलेले, पाय लांब आणि कणा अतिशय लवचिक असतो. भरधाव धावताना कणा धनुष्याप्रमाणे वाकतो व पुन्हा ताणला जातो. त्यामुळे प्रत्येक झेपेत चारही पाय दोन वेळा जमिनीपासून सुटलेले असतात. ग्रेहाउंड या जातीचा कुत्रा अशा रीतीने ताशी ६० किमी.हून अधिक वेग गाठू शकतो; पण हा वेग थोडाच वेळ टिकतो. स्नायूंत निर्माण होणारी उष्णता बाहेर टाकण्यासाठी कुत्र्याला मुख्यतः धापा टाकण्यावरच अवलंबून राहावे लागते. म्हणून उन्हात लांबलेला पाठलाग त्याच्या जिवावर बेतू शकतो. पारध पहाटे व थंडीच्या दिवसांत करण्याची चाल यामुळेच पडली.

इतिहास : उघड्या रानात कुत्रे सोडून ससा धरण्याच्या प्रकाराचे वर्णन इ. स. दुसऱ्या शतकातील ग्रीक लेखक आरियन याने केले आहे. खऱ्या शिकाऱ्याला सशाच्या मृत्यूपेक्षा ससा व कुत्रा यांच्यातील चढाओढ पाहण्यात अधिक रस असतो, असे त्याचे मत होते. भारतात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. ११२६–३८) याच्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये ‘सारमेयविनोद’ म्हणजे कुत्र्यांचा विनोद याला स्वतंत्र स्थान दिलेले आहे. त्याहून जुना पुरावा कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यामधील आतकूर येथील शिलालेखाचा आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळातील या लेखात (शके ८७२) काळी नावाच्या कुत्र्याची नोंद आहे. गंग राजा दुसरा बूतुग याच्याकडून मनलेर या योद्ध्याने तो कुत्रा पारितोषिक म्हणून मागून घेतला होता. एका मोठ्या रानडुकराशी झुंजताना डुक्कर व कुत्रा दोघेही मेले. तेव्हा कुत्र्याच्या स्मरणार्थ दगड उभारून त्याच्या पूजेसाठी जमीन लावून देण्यात आली. हा दगड आता बंगळुरू येथील वस्तुसंग्रहालयात आहे.

महाराष्ट्राच्या लोकधर्मातही पारधीच्या कुत्र्याला मान आहे. घोड्यावर स्वार झालेल्या खंडोबाच्या मूर्तींत व टाकांत त्याच्याबरोबर कुत्रा दाखवितात. शिकारीचे निमित्त करून खंडोबा बाणाईकडे गेल्याची कथा धनगरांच्या व वाघ्यामुरळींच्या गीतांतून सांगितली जाते. साताऱ्याजवळील संगम माहुली येथे छत्रपती शाहू (कार. १७०७–४९) यांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी दाखवितात. शिकारीच्या वेळी वाघाची चाहूल देऊन त्याने शाहूंचे प्राण वाचविले, अशी आख्यायिका आहे.

कारवानी कुत्रा : दख्खनच्या पठारावरील हा प्रमुख दृष्टिश्वान होय. महाराष्ट्राच्या दक्षिणेकडील व मराठवाड्यातील जिल्ह्यांत आणि त्यांना लागून असलेल्या उत्तर कर्नाटकात तो आढळतो. कारवान म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. पश्चिम आशियातून आलेल्या अशा तांड्यांबरोबर या कुत्र्यांचे पूर्वज दख्खनेत आले, असा समज रूढ आहे. सलुकी या पश्चिम आशियाई जातीशी त्याचे साम्य दिसते. त्याची उंची खांद्याशी सु. ६५ ते ७० सेंमी. असते. आखूड केसांच्या कुत्र्यास कारवानी, तर कान, शेपूट व पाय यांवर लांब केसांची झालर असलेल्यास पश्मी म्हणतात. मुधोळ संस्थानचे अधिपती मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांच्या पैदाशीकडे लक्ष पुरविले. त्यांनी इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज याला या कुत्र्यांची जोडी भेट दिली, असे सांगितले जाते. त्यामुळे मुधोळ हाउंड हे नावही प्रचारात आले. भारतीय डाक विभागाने २००५ मध्ये भारतीय कुत्र्यांवर काढलेल्या चार तिकिटांत मुधोळ हाउंडचा समावेश होता.

माळावरील पारध : या पारधीचे नेहमीचे भक्ष्य ससा (लीपस नायग्रीकोलिस) हे होते. हा ससा बीळ करीत नाही. गवतात किंवा ढेकळांच्या आडोशाला उथळ खळग्यात अंग चोरून बसतो आणि धोका अगदी जवळ आल्यावरच उठतो. पिके निघाल्यावर मोकळ्या झालेल्या रानात माणसे अंतराअंतराने ओळ धरून चालत आणि कुत्री साखळीने वा दोरीने हाती धरलेली असत. ससा उठला म्हणजे त्याला थोडे अंतर काटू देऊन बहुधा दोन कुत्री एकदम सोडीत. सरळ धावेत कुत्रा सशाला गाठतो. पण ससा ऐन वेळी काटकोनात वळतो आणि जड अंगाचा कुत्रा पुढे निघून जातो. मागचा कुत्रा त्याच वळणावर सशाला धरतो. जोडीने कुत्री सोडण्यामागील तत्त्व हेच होय. ससा काटेरी कुंपणात किंवा निवडुंगात शिरला, तर पारध संपे. कारण नजरेआड झालेल्या भक्ष्याचा माग दृष्टिश्वानाला सहसा काढता येत नाही.

काळवीट (अँटिलोप सर्व्हिकॅप्रा) कुत्र्याहून वेगवान असल्यामुळे धडधाकट काळवीट कुत्र्यांच्या हाती क्वचितच लागे. त्याच्या पारधीसाठी शिकविलेले चित्ते वापरीत. कोल्हापूर संस्थानात ही प्रथा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत चालू होती. रानडुकराच्या (सुस स्क्रोफा) पारधीत कुत्र्यांचे काम मारण्याचे नसून डुकराला अडवून धरण्याचे असे. शेवटचा वार भाल्याने केला जाई. सुळ्यांनी पोट फाटून कुत्री मरणे ही या पारधीतील नित्याची गोष्ट होती.

उल्हास खोऱ्यातील पारध : घाटाखाली चित्र पालटते. उल्हास नदीच्या खोऱ्यात, बदलापूर व अंबरनाथच्या पूर्वेस आणि दक्षिणेस असलेल्या डोंगरउतारांवर, पानझडी रान, कारवीची झुडपे आणि भातखाचरांचे बांध आहेत. येथे नजर फार दूर पोहोचत नाही व सरळ धाव घेण्यास जागा नसते. त्यामुळे दृष्टिश्वान निरुपयोगी ठरतो. या भागातील ठाकर व कातकरी या आदिवासी जमातींनी मध्यम बांध्याची, उभ्या कानांची गावठी कुत्रीच पाळली. वास घेणे, भुंकून ठावठिकाणा सांगणे आणि प्राण्याला झाडावर, कपारीत वा बिळात कोंडून धरणे ही त्यांची कामे होत. पुढचे काम माणूस काठी, तीरकामठा, गलोल वा कुदळ यांनी करी. ससा, घोरपड, साळिंदर आणि क्वचित रानडुक्कर हे येथील भक्ष्य असे. माळावरच्या जमीनदाराला पारध हा खेळ होता. कातकऱ्याला ती टंचाईतील अन्नाची तजवीज होती.

हा प्रदेश झपाट्याने बदलला आहे. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. अंबरनाथला कारखाने आले. पुढे मुंबईच्या उपनगरी रेल्वेच्या आधाराने बदलापूरपर्यंत सलग नागरी वस्ती पसरली. आदिवासी वाड्या आता डोंगरांच्या कडेला उरल्या असून तेथील बरेचसे लोक वीटभट्टी, बांधकाम व शेतमजुरी यांवर पोट भरतात.

बिळातील शिकार : टेरियर हे नाव भूमी या अर्थाच्या ‘टेरा’ या लॅटिन शब्दावरून आले आहे. इंग्लंडमध्ये खोकडाच्या बिळात शिरण्याजोगी अरुंद छाती, आखूड पाय व अत्यंत चिवट वृत्ती असलेली कुत्री मुद्दाम पैदा करण्यात आली. टेरियरने खोकडाला मारावे अशी अपेक्षा नसते. बिळात समोरासमोर भुंकत राहून त्याने खोकडाला बाहेर पडावयास लावावे किंवा त्याची जागा दाखवावी, म्हणजे माणसे वरून खणून तेथे पोहोचतात. जमिनीखाली गुदमरणे, दबून मरणे व तोंडाला खोल चावे बसणे हे या कामातील धोके होत. ब्रिटिशांनी ही परंपरा हिंदुस्थानात आणली, तेव्हा त्यांनी पाठलागासाठी खोकडाऐवजी कोल्हा (कॅनिस ऑरियस) निवडला. निलगिरी पर्वतावरील उटी येथे फॉक्सहाउंड जातीच्या कुत्र्यांचे असे शिकारी पथक एकोणिसाव्या शतकात स्थापन झाले.

महाराष्ट्रात बिळात शिरणाऱ्या कुत्र्याची स्वतंत्र देशी जात निर्माण झाली नाही. ते काम माणसानेच केले. कातकरी लोक भातकापणीनंतर बांधांतील बिळे हुडकून, त्यांत धूर कोंडून व ती खणून उंदीर आणि घुशी पकडतात. बिळात साठविलेले भातही काढून घेतात. त्यामुळे त्यांना अन्न व शेतकऱ्याला पिकाचे संरक्षण मिळते.

कायदा : १९७२ च्या अधिनियमातील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत मारणे, विष घालणे, फासे लावणे व हाका घालणे यांबरोबरच कुत्र्यांकडून पाठलाग करविणे याचाही अंतर्भाव होतो, आणि तसा प्रयत्न करणे हाही गुन्हा आहे. म्हणजे ससा निसटला तरी कुत्रा सोडणारा दोषी ठरतो. प्रारंभी या अधिनियमात परवान्यावर काही शिकारीस मुभा होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती संपुष्टात आली. पहिल्या अनुसूचीतील काळविटासारख्या प्राण्याच्या शिकारीस ३ ते ७ वर्षांच्या कारावासाची शिक्षा आहे. पिकांची नासधूस करणाऱ्या प्राण्याला मारण्याची परवानगी विशिष्ट परिस्थितीत सक्षम अधिकारी देऊ शकतो. उंदीर व घुशी यांना या अधिनियमाचे संरक्षण नाही. वन हक्क मान्य करणाऱ्या २००६ च्या अधिनियमाने आदिवासींचे अनेक परंपरागत हक्क मान्य केले. परंतु शिकारीचा हक्क त्यांतून स्पष्ट शब्दांत वगळला. ब्रिटनमध्येही खेळ म्हणून होणारी ही पारध थांबली. इंग्लंड व वेल्स यांत कुत्र्यांकडून वन्य सस्तन प्राण्यांची शिकार करण्यावर २००५ पासून बंदी असून उंदीर व ससुले (रॅबिट) यांची शिकार आणि टेरियरचा मर्यादित उपयोग यांसारखे काही अपवाद ठेवले आहेत.

या कायद्यांचा भार सर्वांवर सारखा पडला नाही. संस्थानिक व इनामदार यांचा एक छंद सुटला. फासेपारधी जमातीला मात्र ब्रिटिश राजवटीत गुन्हेगार जमात म्हणून नोंदले गेले होते. १९५२ मध्ये तो शिक्का कायद्याने पुसला गेला आणि वीस वर्षांतच तिचा परंपरागत व्यवसायच गुन्हा ठरला. बंदीची आवश्यकता नाकारता येत नाही. माळराने नांगराखाली आल्याने काळवीट, खोकड व माळढोक यांचे क्षेत्र अतिशय आकसले आहे आणि उरलेल्या प्राण्यांना पारधीचा ताण सोसणे शक्य नाही. परंतु पर्यायी उपजीविकेची तरतूद बंदीइतक्या तत्परतेने झाली नाही.

सद्यःस्थिती : पारध थांबली तरी कुत्र्यांपासून वन्य प्राण्यांना होणारा उपद्रव थांबलेला नाही. गावे व शहरे यांच्या कडेला मोकाट फिरणारी कुत्री ससे, काळविटांची पाडसे व जमिनीवर घरटी करणारे पक्षी यांवर हल्ले करतात; पिसाळ रोग व डिस्टेंपर हे रोग त्यांच्यापासून खोकड, कोल्हा इ. प्राण्यांत पसरू शकतात. शहराला रान थेट भिडलेल्या बदलापूर परिसरासारख्या ठिकाणी हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

कारवानी कुत्र्याचे मूळ काम संपल्यामुळे त्याच्या पैदाशीचा हेतूही बदलला आहे. मुधोळजवळील तिम्मापूर येथे कर्नाटकच्या पशुवैद्यक विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र असून भारतीय लष्करानेही या जातीच्या कुत्र्यांना प्रशिक्षण दिले आहे. तथापि बहुसंख्य कुत्री राखणीसाठी व प्रदर्शनांसाठी पाळली जातात. वेग, चपळाई व दमसास हे गुण पूर्वी प्रत्यक्ष पाठलागातूनच पारखले जात. केवळ रूपावरून निवड होत राहिल्यास ते क्षीण होण्याचा संभव असतो. काही पाश्चात्त्य देशांत यंत्राने ओढलेल्या कृत्रिम आमिषामागे कुत्री धावडवून ही पारख केली जाते. कोणत्याही प्राण्याचा जीव न घेता धावणाऱ्या कुत्र्याचे गुण टिकविण्याचा तो एक मार्ग आहे.