कुत्र्यास तेल पाजण्यांतील धोका

कुत्र्याचें पोट साफ होत नाहीं, अथवा त्यानें कांहीं विषारी खाल्लें असा संशय आला, म्हणजे त्याचा जबडा फांकवून घशांत तेल ओतण्याची रीत आपल्याकडे आढळते. रेवस बंदराच्या आसपास गोडें तेल, माशांचें तेल व यांत्रिक होड्यांचें डिझेल हीं सर्व हाताशीं असतात. आणि खळ्याची व गोठ्याची राखण कुत्र्यावरच असते. म्हणून ह्या उपायांतील धोका वाचकांपुढें मांडणें आम्हांस अवश्य वाटतें.

घशाच्या तळाशीं अन्ननलिका व श्वासनलिका अशा दोन वाटा फुटतात. श्वासनलिकेंत पाणी शिरलें तर ठसका लागून तें बाहेर फेकलें जातें. तेलाची गोष्ट निराळी. तें सौम्य व गुळगुळीत असल्यामुळें पुष्कळदां ठसका न लागतांच खालीं उतरतें. रेचक म्हणून देण्यांत येणारें पातळ पॅराफिन ह्या बाबतींत विशेष फसवें. कुत्रा खोकला नाहीं, सबब तेल पोटांतच गेलें, हें अनुमान चुकीचें होय.

तेलें टाकणारीं व नाकांत घालण्याचीं तेलकट औषधें घेणाऱ्या माणसांच्या फुप्फुसांत तेल सांपडतें, हें कॅनडांतील डॉक्टर लॉफ्लेन यांनीं १९२५ सालीं दाखविलें. पुढें निरनिराळ्या तेलांची तुलना झाली, तेव्हां वनस्पतींचीं तेलें बहुधा कमी दाहक ठरलीं. माशांचें तेल व प्राणिज चरबी यांचें फुप्फुसांत विघटन होऊन आम्लें सुटतात, व तीं नाजूक पडद्यास जाळतात. खनिज तेल पचतच नाहीं. शरीराच्या रक्षक पेशी तें गिळून महिनोन्महिने तेथेंच बसतात आणि ती जागा हळूहळू कठीण होते. रॉकेल व डिझेल तर पातळ असल्यानें थोडें जरी शिरलें तरी दूरवर पसरून तीव्र दाह करतात. म्हणून तीं पोटांत गेलीं असतां ओकारी मुळींच करवूं नये. वर येतांना तीं फुप्फुसांत जातात. गोचिडांवर रॉकेल चोळणेंही वर्ज्य करावें, कारण कुत्रा अंग चाटतो.

लक्षणें कधीं कांहीं तासांत, कधीं कांहीं आठवड्यांनीं दिसतात. कुत्रा खात नाहीं, लवकर दमतो, ताप येतो, खोकतो. स्वस्थ निजलेल्या कुत्र्याचे श्वास मिनिटास ३० हून अधिक राहिले, किंवा हिरड्या निळसर दिसल्या, तर विलंब न करतां पशुवैद्याकडे न्यावें व कोणतें तेल, किती व केव्हां दिलें तें स्पष्ट सांगावें. शिरलेलें तेल काढून टाकणारें औषध नाहीं. प्राणवायु देणें, दाह शमविणें व मागाहून होणारा जंतुसंसर्ग आंवरणें, एवढेंच वैद्याच्या हातीं असतें.

तेव्हां प्रतिबंध हाच खरा उपाय. वैद्यानें तेल सांगितलेंच तर तें भातांत वा भाकरींत कालवून कुत्र्यास आपण होऊन खाऊं द्यावें. ओकणाऱ्या, धापा टाकणाऱ्या किंवा निपचित पडलेल्या जनावरास तोंडावाटें कांहींच पाजूं नये. हाच नियम पोटफुगीवर नळकांड्यानें तेल पाजतांना गुरांसही लागू आहे: मान फार उंच करूं नये, जीभ ओढून धरूं नये, आणि जनावर खोकतांच थांबावें. घोटभर तेल वायां गेलें तर हानि थोडी. तें फुप्फुसांत गेलें तर राखणदार अथवा बैल गमावण्याची पाळी येते.