दोघांची दोन मृत्युपत्रे

शाहूवाडीकडच्या खेड्यात मृत्युपत्राचा विषय काढला, की मूलबाळ नसलेले नवरा-बायको हमखास म्हणतात, "आमाला पोर न्हाई, बाळ न्हाई, कुणासाठी लिवायचं?" मला उलटेच वाटते. पोरेबाळे असली म्हणजे मृत्युपत्राविनाही इस्टेट सहसा घरात राहते. नसली म्हणजे कायदा वारस शोधत निघतो, आणि तो कुणाच्या दारात जाऊन थांबेल हे त्या दोघांच्या स्वप्नातही नसते.

पूर्वी यावर दत्तकाचा उतारा होता. १८८४ मध्ये कागलकर घाटग्यांचे यशवंतराव कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेले आणि संस्थानाला शाहू महाराज लाभले. सामान्य माणसाचा दत्तक असा निघेल याची हमी कुणी द्यावी!

असो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मूलबाळ नसलेला पुरुष मृत्युपत्राविना गेला, तर सगळे बायकोला मिळतेच असे नाही. त्याची आई हयात असेल तर निम्मे आईचे. बाईचे प्रकरण याहून अवघड. तिची स्वकष्टाची मिळकत नवऱ्याला, तो नसल्यास नवऱ्याच्या वारसांना. तिच्या आईबापांचा नंबर त्यानंतर. आईवडिलांकडून वारशाने आलेली जमीन मात्र, नवरा जिवंत असला तरी, तिच्या वडिलांच्या वारसांकडे जाते. आयुष्यभर ती जमीन कसणाऱ्या नवऱ्याला एके दिवशी मेहुण्यांची नोटीस येते.

नारायणीदेवींचा खटला प्रसिद्ध आहे. १९५५ मध्ये लग्न झाले, तीन महिन्यांत नवरा सर्पदंशाने गेला. सासरच्यांनी घराबाहेर काढले. माहेरच्यांनी शिकवले, तिने नोकरी केली. १९९६ मध्ये ती मृत्युपत्र न करता वारली. तिची बँकेतली शिल्लक आणि भविष्य निर्वाह निधी सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये कुणाला दिला? नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना. सहानुभूतीने कायदा बदलत नाही, असाच त्या निकालाचा सूर होता. दोन ओळींचा कागद आणि दोन साक्षीदार यांनी हे टळले असते. २०२५ च्या नोव्हेंबरात त्याच न्यायालयाने बायकांना मृत्युपत्र करून ठेवण्याचे आवाहन केले.

"नॉमिनी लावलाय की!" हे उत्तर मी बँकेच्या टेबलामागे बसून किती वेळा ऐकले असेल! नॉमिनी हा पैसे ताब्यात घेणारा, मालक नव्हे. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितले. आता बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात, म्हणून मालकीचा प्रश्न चौपट सुटतो असे नाही.

तेव्हा दोघांनी दोन वेगळी मृत्युपत्रे करावीत. एकमेकांना द्यावे हे सगळेच लिहितात; 'तो किंवा ती माझ्याआधी गेल्यास अमक्याला' हे वाक्य राहून जाते, आणि खरे मृत्युपत्र तेच असते. बायकोला पूर्ण मालकी द्यायची की फक्त हयातीपर्यंत उपभोग, हेही स्पष्ट हवे. 'नंतर पुतण्याला' असे मोघम लिहिले, की पुढे दोन्ही पक्षांचे वकील सुखी. वडिलोपार्जित जमिनीत आपला हिस्सा असेल तेवढाच देता येतो. मुसलमान कुटुंबाला एक-तृतीयांशाची मर्यादा असते. त्यांनी जाणकाराला विचारावे.

साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही. गट नंबर सातबाऱ्यावरून उतरवावा. सही किंवा अंगठा दोन साक्षीदारांसमोर करावा, त्यांनीही आपल्यासमोर सही करावी. साक्षीदार आपल्याहून तरुण असावेत; पुढे निदान एकाला कोर्टात उभे राहावे लागेल. ज्याला काही मिळणार त्याला साक्षीला घेऊ नये, संशयाला जागा होते. दुय्यम निबंधकाकडे नोंदणीची सक्ती नाही, पण भाऊबंदकीच्या मुलखात मी करावी म्हणेन. आणि मूळ प्रत एकट्याच्या नावच्या लॉकरात ठेवू नये. आपल्यामागे तो लॉकर उघडायलाच कागदपत्रे लागतात.